‘काही नाही रे, गॅस झालाय!’

शिमग्याची रात्र. वाडीत पालखी आलेली, ढोल चाललेले, आणि माझा मामा नेहमीसारखा पालखीच्या पुढच्या दांड्याला. मामा म्हणजे आमच्या घरातला हिरो. वय अडतीस, अंगाने काडीसारखा, एकेकाळी गावच्या कबड्डीच्या संघात चढाईला जाणारा. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट करायचा आणि शिमग्याला चार दिवस रजा टाकून गावी यायचा. त्या रात्री त्याने तासभर पालखी नाचवली आणि खाली आल्यावर छाती चोळत पायरीवर बसला.

“काय झालं रे मामा?”

“काही नाही रे, गॅस झालाय. आणि खांदा भरून आलाय पालखीने.”

साडेअकरा वाजले होते. बारा वाजता मामीने ओवा दिला. साडेबारा वाजता मी स्वतः (होय, मीच!) शेजारच्या दुकानदाराला उठवून सोड्याची बाटली आणली. मामा ती घटाघटा प्याला, एक मोठी ढेकर दिली आणि म्हणाला, “बघ, मोकळं वाटलं.” आम्ही सगळे निर्धास्त झोपलो. मामा मात्र झोपला नव्हता. पहाटे साडेपाचला मामीने हाक मारली तेव्हा तो अंथरुणावर बसलेला होता. अंगातला सदरा घामाने चिंब, डावा हात धरलेला, तोंडाचा रंग राखेसारखा. शेजाऱ्याची गाडी काढली. दवाखान्यात कागदाची पट्टी निघाली, डॉक्टरांनी ती पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “इतका वेळ होतात कुठे?”

हा प्रश्न गेली दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या प्रश्नासाठीच हा लेख.

मामा वाचला. इंजेक्शन मिळालं, पुढे ॲन्जिओप्लास्टी झाली. पण जो वेळ आम्ही सोड्यात घालवला तो परत आला नाही. हृदयाचं पंपिंग निरोगी माणसात साधारण ५५ ते ७० टक्के असतं, मामाचं ३५ वर आलं. आज तो चालतो, बोलतो, हसतो. पण जिना चढताना मध्ये थांबतो, कंपनीत त्याला हलकं काम दिलंय, आणि पालखीचा दांडा आता दुसऱ्याच्या खांद्यावर असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे वाईट झालं, पण कॉलेजच्या मासिकात कशाला? आम्ही वीस-एकवीसचे. आमचा आणि हार्ट अटॅकचा संबंध काय? सबमिशनच्या आदल्या रात्री येतो तोच काय तो आमचा अटॅक!

मित्रमैत्रिणींनो, संबंध आहे. माझं म्हणणं अगदी सरळ आहे: हा आजार दिसतो चाळिशीत, पण सुरू होतो आपल्या वयात. म्हणजे होस्टेलमध्ये, मेसमध्ये, गेटबाहेरच्या टपरीवर. आणि तो आल्यावर माणूस मरतो की वाचतो, हे पुष्कळदा शेजारी बसलेल्याला काय माहीत आहे यावर ठरतं. त्या रात्री मामाच्या शेजारी मी बसलो होतो. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, आणि मी आणला सोडा!

शंतनू आठवतो का?

आपल्या कॉमन रूममध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ किती वेळा लागला असेल याचा हिशोब नाही. १९८८ चा सिनेमा, आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता, तरी पुढचा संवाद आपण पात्रांच्या आधी म्हणतो. त्यातला तो उंच, देखणा शंतनू आठवा. ते काम करणारा सिद्धार्थ रे हा व्ही. शांताराम यांचा नातू. पुढे ‘बाजीगर’मध्येही तो होता. ८ मार्च २००४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय फक्त चाळीस. हे मला कळलं तेव्हापासून तो सिनेमा बघताना मध्येच गलबलून येतं.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २००३ मध्ये, मुंबईचे डॉ. नीतू मांडके गेले. हजारो लोकांची हृदयं ज्यांनी उघडून दुरुस्त केली, त्या शल्यविशारदाचा मृत्यू पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्याच झटक्याने झाला. हा आजार कुणाची पदवी बघत नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आणि एक वाचल्याचं उदाहरण. १४ डिसेंबर २०२३ रोजी श्रेयस तळपदे शूटिंग आटोपून घरी आला, अस्वस्थ वाटायला लागलं. वय सत्तेचाळीस. पत्नीने ‘बघू सकाळी’ न म्हणता लगेच रुग्णालयात नेलं, त्याच रात्री ॲन्जिओप्लास्टी झाली, आणि तो पुन्हा कामाला लागला. श्रेयसला मुंबई होती, आम्हाला वाडी होती, हे खरं. पण मुंबईतही आधी घरातून निघावं लागतंच ना! आमचे पहिले सहा तास काही रस्त्याने खाल्ले नाहीत. ते आमच्या ‘गॅस’ने खाल्ले.

आपल्याच भाषेत सांगायचं तर

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोका देतं. एवढा पंप चालवायचा तर त्या पंपालाही इंधन लागणार. ते पुरवणाऱ्या नळ्या म्हणजे करोनरी धमन्या. त्यांची जाडी किती? तर बॉलपेनच्या रिफिलच्या आसपास, तीन-चार मिलिमीटर. त्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचे थर साचत जातात.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पॉझोयचं समीकरण आपण सगळे घोकतो: प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा! व्हायवाला हे उत्तर दिलं की सर खूश होतात, पण ही नळी आपल्या छातीत आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही. (शरीर पुढच्या बारीक नळ्या रुंद करून बराच काळ हे सांभाळून घेतं, म्हणूनच तर आपल्याला काही कळत नाही.)

पण तरुणांच्या बाबतीत गोष्ट याहून फसवी आहे. नळी हळूहळू पूर्ण बुजते आणि मग अटॅक येतो, असा आपला समज असतो. बऱ्याच वेळा तसं होत नाही. थर लहानच असतो, नळी पस्तीस-चाळीस टक्केच अडलेली असते, माणूस क्रिकेट खेळतो, ट्रेकला जातो, कुठेही दुखत नाही. आणि एक दिवस त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. मटेरियलवाल्यांनी ‘क्रॅक’ समजावा! फाटलेल्या जागी रक्त गोठतं, आणि जी नळी सकाळी साठ टक्के मोकळी होती ती मिनिटांत बंद होते. म्हणून आपण ऐकतो, “अरे, काल तर मॅच खेळला!” कालची मॅच हा काही दाखला नाही. वयस्कर माणसात नळी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होते, तेव्हा शरीर आजूबाजूने आडवाटा काढून ठेवतं. तरुणाला ती सवड मिळालेली नसते.

आणि सुरुवात कधी होते? कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तिथल्या डॉक्टरांनी तपासली, ते निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. सैनिकांचं सरासरी वय होतं २२. धडधाकट, कवायत करणारी पोरं. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या करोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा कमी-जास्त प्रमाणात दिसल्या. बावीस म्हणजे आपलं फायनल इयर!

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, नाहीतर उगाच घबराट व्हायची. विशीतला मुलगा मैदानावर अचानक कोसळतो तेव्हा कारण पुष्कळदा वेगळं असतं. हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष, किंवा हृदयाच्या ‘वायरिंग’मधला. करोनरीचा आजार आपला हिशोब सहसा तिशीनंतर मागतो. पण उधारी सुरू होते ती आत्ताच.

“मी तर बारीक आहे!”

हे वाक्य मामाही म्हणायचा आणि मीही म्हणायचो. मामाच्या आजारपणानंतर डॉक्टरांनी घरच्यांना तपासून घ्यायला सांगितलं. आईचा तो सख्खा धाकटा भाऊ. तपासलं तर आईचं रक्तदाब वाढलेला निघाला, जो कधी मोजलाच नव्हता. मग मीही रक्त दिलं. वजन ५८ किलो, मित्र ‘काडीपैलवान’ म्हणतात, आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल निघालं १६२! लॅबवाल्याला मी विचारलं, रिपोर्ट बदलला तर नाही ना?

नव्हता बदलला. याचं उत्तर आपल्या पुण्यात सापडलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. म्हणजे आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून जाड. चरबी पोटात, आतड्यांभोवती लपलेली. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने केलेल्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं. तिथल्या बाळांचं वजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

म्हणून वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका, शिंप्याची टेप घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की धोक्याची घंटा. आणि कंबर नीट असली तरी, माझ्यासारखं, रक्त एकदा तपासावंच लागतं.

मुलींच्या होस्टेलने ‘हे मुलांचं दुखणं’ म्हणून पान उलटू नये. बायकांना अटॅक येतो, आणि तो छातीत जोरात कळ न येताही येऊ शकतो. नुसता दम लागणं, मळमळ, विलक्षण थकवा. घरात बाई ‘दमले गं’ म्हणाली तर तिला कोण दवाखान्यात नेतो? आपल्याच तालुक्यात, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातल्या संशोधकांनी कोकणातल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास हाती घेतलाय, तो याच विचाराने: मोठेपणीच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची बीजं या वयात कशी पडतात ते बघायला. म्हणजे आपल्या वयाच्या मुलींकडे डॉक्टर बघताहेत. आपण स्वतःकडे कधी बघणार?

नशीब की सवय?

“ज्याच्या नशिबात असेल त्याला येणारच” हा होस्टेलवरचा आवडता सिद्धान्त. ५२ देशांतल्या सुमारे तीस हजार लोकांवर ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांच्या आसपासचा भाग नऊ गोष्टींनी समजावता येतो: धूम्रपान, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी, मानसिक ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, आणि दारूच्या सवयी. त्याच अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी पुढे २००७ मध्ये आली. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत जवळजवळ ५९. सहा वर्षं आधी! आणि कारणं तीच, फक्त आपल्यात ती लवकर येऊन बसतात. घराण्याचा वाटा आहेच, वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हा आजार झाला असेल तर आपण जास्तच जपायचं. पण वरच्या यादीतलं काय काय आपल्या रोजच्या टाइमटेबलमध्ये आहे ते एकदा मोजा.

सकाळी आठला लेक्चर म्हणून नाश्ता नाही. अकराला वडापाव. रात्री मेसची भाजी आवडली नाही म्हणून मॅगी. सबमिशनला नाईट, पीएलमध्ये नाईट, केटी लागली की ताण, ताण आला की टपरी. चहा आणि एक ‘दांडी’. “दिवसाला एकच रे!” हा तिथला कायमचा बचाव. इथेच फसगत आहे. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की दिवसाला वीस सिगरेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एक ओढणाऱ्याच्याही वाट्याला येतो. हिशोब विसाव्या हिश्श्याचा नाही! चांगली बातमी अशी, की सोडली तर फायदाही लवकर मिळतो. साधारण वर्षभरात वाढलेला धोका निम्म्यावर येतो. आणि तोंडात धरायची तंबाखू, घरोघरी दाताला लावतात ती मशेरी, हीही शेवटी निकोटीनच. मामा सिगरेट ओढत नव्हता. खिशात चुन्याची डबी मात्र कायम असायची.

अजून एक गोष्ट मोबाइलवर सारखी फिरते: “तरुण मुलं मरताहेत ती करोनाच्या लशीमुळे.” हे तपासलं गेलंय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी दिसल्या त्या अशा: करोनाने पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घरात कुणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू किंवा फार जोराची, दमवणारी कसरत, आणि नशेचे पदार्थ. लशीला दोष दिला की आपली टपरी, आपली थर्टी फर्स्ट सगळी सुटते. सोयीचं आहे, म्हणून खरं होत नाही.

तर मग त्या रात्री काय करायला हवं होतं?

हे मी पाठ केलंय. तुम्हीही करा.

जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दाब, जळजळ, आवळल्यासारखं वाटतंय, त्याबरोबर घाम किंवा दम किंवा मळमळ, हात-खांदा-जबड्याकडे जाणारी कळ, आणि पंधरा मिनिटांत थांबत नाही: हा गॅस नाही असं समजून चालायचं. गॅस निघाला तर उत्तमच, हसत परत येऊ. ढेकर आली, बरं वाटलं, याला काहीही अर्थ नाही. मामाला ढेकरही आली होती.

माणसाला बसवायचं, चालवायचं नाही, जिना उतरायला लावायचा नाही, बाईकवर मध्ये बसवून तर अजिबात न्यायचं नाही. १०८ लावायचा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि फोन फुकट आहे. फोनवर स्पष्ट सांगायचं, ‘छातीत दुखतंय, हार्ट अटॅकची शंका आहे.’ ॲस्पिरिन द्यायची का, ते फोनवरच्या डॉक्टरला विचारायचं, ते म्हणाले तर चावून खायला द्यायची. जवळच्या अशा ठिकाणी जायचं जिथे ईसीजी निघतो. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा नियमच आहे. पहिली पट्टी नॉर्मल आली आणि दुखतंच आहे, तर तिथून हलायचं नाही. पुन्हा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला सांगायची. ॲन्जिओप्लास्टीचं ठिकाण दोन तासांच्या आत गाठता येणार नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी देतात, आणि मग पुढे पाठवतात. आपल्यासारख्या घाटाखालच्या माणसांसाठी हे फार महत्त्वाचं. पावसात परशुराम घाट किंवा कुंभार्ली घाट आपल्यासाठी मोकळा असेलच असं नाही. पण इंजेक्शनला घाट ओलांडावा लागत नाही. फक्त ते जितक्या लवकर, तितका स्नायू वाचतो. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर हृदय थांबलंय असं समजून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायला लागायचं. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. हात असावे लागतात आणि एकदा कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

आता मुद्द्याचं

लेख वाचून ‘छान लिहिलंय’ म्हणून पान उलटलं, तर माझी सोड्याची दुसरी बाटली झाली असं मी समजेन. म्हणून कॉलेजकडे तीन मागण्या.

एक, प्रवेशाच्या वेळी आपण दहावीचा, बारावीचा, जातीचा, अधिवासाचा दाखला आणतो. त्याबरोबर एकदा रक्तदाब, कंबर, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजलं जावं. मेडिकल सर्टिफिकेटवर नुसता शिक्का नको, माप हवं. खर्च कोण करणार? स्नेहसंमेलनाच्या एका रात्रीच्या साउंडचं बिल काढून बघा, आणि मग बोलू.

दोन, होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर निदान चार जणांना छाती दाबण्याचं प्रशिक्षण. एक दुपार पुरते. एनएसएसने मनावर घेतलं तर या टर्ममध्येच होईल. जमलं तर रेक्टर सरांच्या ऑफिसात एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन ठोका पुन्हा सुरू करणारं छोटं मशीन. ते कुठे आहे हे वॉचमनकाकांनाही माहीत हवं. आणि नोटीस बोर्डावर एक कागद: १०८, रात्री ईसीजी कुठे निघतो, इंजेक्शन कुठे मिळतं, ॲन्जिओप्लास्टी चोवीस तास कुठे होते, गाडी कुणाची. अटॅक आल्यावर हे शोधायचं नसतं.

तीन, मेस आणि टपरी. कोकणात राहून आपण बांगडा, तारली, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी सोडून पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले वडे खातो, याला काय म्हणावं? मेस कमिटीने आठवड्यातून दोन दिवस आपलं जेवण ठेवावं आणि कढईतलं तेल कधी बदलतं ते विचारावं. आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा आहे. सुटी सिगरेट विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्या काकांवर माझा राग नाही, चहा त्यांचा झकास असतो. तो राहू दे. बाकीचं जाऊ दे.

आणि शेवटी आमच्या सरांना, मॅडमना, ऑफिसच्या आणि वर्कशॉपच्या मंडळींना. हे पान तुम्हीही वाचता हे माहीत आहे. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा तुम्ही मामाच्या वयाच्या जास्त जवळ आहात. पेपर तपासणी, ॲक्रेडिटेशनच्या फायली, रोजचा खेड-चिपळूण प्रवास, आणि ‘सुट्टीत करू चेकअप’. ती सुट्टी येत नाही, हे आम्ही बघतो. आमच्या जर्नलवर तारीख उलटून गेली तर तुम्ही सही देत नाही. तुमच्या तपासणीची तारीख किती उलटलीय?

यंदाच्या शिमग्याला पालखी मामाच्या खळ्यात आली. मामा पांढरा सदरा घालून, नारळ हातात घेऊन दारात उभा होता. ढोल वाजायला लागले तसे त्याचे खांदे आपोआप हलायला लागले. मामीने नुसतं बघितलं, तो थांबला. मग त्याने मला खुणेने बोलावलं आणि दांड्याकडे बोट केलं. मी पालखी खांद्यावर घेतली. नाचून खाली आलो, छाती भरून आली होती, दमही लागला होता. मामा जवळ येऊन कानात म्हणाला, “काही होतंय काय? होत असेल तर आत्ता सांग हां. सोडा नाही देणार.”

– तृतीय वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी